बावीस पोती माती

रामा शिवगण माझ्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी इंग्रजी पाचवीच्या शास्त्राच्या वह्या तपासत होतो. एका दिवट्याने लोखंड हा द्रव पदार्थ आहे असं लिहिलं होतं, त्यामुळे माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. एकोणीसशे एकतीस साल, शिमगा होऊन आठ दिवस झालेले. रामा आणि मी देवरूखजवळच्या एकाच गावचे, चौथीपर्यंत एकाच शाळेत शिकलेले. पुढे मी रत्नागिरीत शास्त्राचा मास्तर झालो आणि तो मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात लागला. पितळेच्या भुशातून लोखंडाचा कीस वेगळा करायचं काम त्याने चौदा वर्षं केलं. त्या वर्षी मंदीमुळे कारखान्यातली माणसं कमी केली, त्यात तो गेला. शिमग्याला गावी आला तो पेटी-वळकटीसकटच आला.

"मास्तर, ह्ये बगा," म्हणत त्याने पंच्याची गाठ सोडली. आत तांबूस, भुसभुशीत माती होती, मधेमधे कोळशाचे बारीक कण. मग त्याने खिशातून घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक काढलं. कारखान्यातून निघताना तेवढं एकच तो घेऊन आला होता. ते मातीत फिरवून वर उचललं, तर दोन्ही टोकांना मातीची दाढी लोंबायला लागली.

मी वही बाजूला ठेवली. "कुठली रे ही?"

"आमच्या भाजावळीतली. भाजून झाल्यावर ढेकळं फोडीत व्हतो, तवा खिशातनं ह्ये पडलं. उचलून बगतो तं असं!"

भाजावळ म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगून टाकतो. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची त्या तुकड्यावर आमच्याकडे फाल्गुनात शेण, झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा आणि गवत असे थर रचतात, वर थोडी माती पसरतात आणि पेटवतात. भडका उडू द्यायचा नाही, दिवसभर धुमसत ठेवायचं. अशा जमिनीत तण माजत नाही आणि रोप, ज्याला आम्ही तरवा म्हणतो, ते जोमाने येतं. आषाढात तो तरवा उपटून बाकीच्या खाचरांत लावायचा. भाजावळीचा तुकडा गेला की तरवा गेला, आणि तरवा गेला की वर्षाचा भात गेला. रामाकडे असा तुकडा एकच होता, आणि तेवढाच त्याच्या स्वतःच्या मालकीचा. बाकीची जमीन खोताची होती.

हे सगळं मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. तरी मी काय केलं, तर पुस्तक उघडलं. पुस्तकात लोखंडाची खनिजं तीन रंगांची होती: पिवळं, तांबडं आणि काळं. पिवळ्यात पाणी बांधलेलं असतं, तांबड्यात नसतं, आणि लोहचुंबक ज्याच्यावर झडप घालतं ते फक्त काळं. सगळ्यांत कसदारही तेच. ही माती लोहचुंबकाला चिकटली, म्हणजे हिच्यात काळं खनिज आहे. दोन आणि दोन चार. हे मी रामाला अशा ऐटीत समजावून सांगितलं की माझं मलाच कौतुक वाटलं. म्हटलं, हा आपला जांभ्याचा सडा, हे सगळं पठार, म्हणजे मुळात काळा कातळच. युगानुयुगे पावसाने त्यातलं बाकीचं सगळं धुऊन नेलं आणि न विरघळणारं लोखंड मागे राहिलं, म्हणून आपला दगड तांबडा. हे खरं होतं. त्यापुढचं खोटं होतं. मी दोन्ही एकाच आवाजात सांगितलं.

"म्हंजे खान म्हनायची?" रामा म्हणाला.

"खाणच."

तो मटकन पायरीवर बसला. "मंग मना परत जावं लागनार नाय, मास्तर. चवदा वर्सं झाली लग्नाला. त्यात राहीच्या संगतीनं सगळे मिळून चवदा म्हैने तरी ऱ्हायलो आसंन काय, तुमीच सांगा." बोलता बोलता त्याने डोळे पुसले. मुंबईला परत जायचं तर तिथे काम नव्हतं, आणि गावी राहायचं तर खोताच्या जमिनीवर दोघांचं पोट भरत नव्हतं. ती ओंजळभर माती एवढाच त्याच्याजवळ मार्ग होता, आणि त्या मार्गावर पाटी लावली ती मी.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. रामाची बायको राही भाजावळीच्या बांधावर उभी होती. काटक, कमी बोलणारी बाई. नवरा मुंबईत असताना चौदा वर्षं तिने एकटीने डहाळ्या तोडल्या होत्या, एकटीने भाजलं होतं, पेरलं होतं. मी लोहचुंबक घेऊन तुकडाभर फिरलो. चार बोटं खोलपर्यंत माती चिकटत होती. त्याखाली पिवळी, चिवट जमीन लागली, तिच्याकडे चुंबक ढुंकूनही बघेना.

"म्हणजे खणायलाही नको," मी म्हणालो. "माल सगळा वरच आहे. वरचा थर खरवडून घ्यायचा."

"खालच्या पिवळ्यात काय उगवत नाय, मास्तर," राही म्हणाली. "ह्यांच्या आज्यानं भाजायला लागल्यापासून ही चार बोटं झाल्येत."

"अगं, पुढच्या वर्षी तुला भात पेरायची गरजच पडणार नाही," मी म्हणालो. रामा हसला. तिने मान फिरवली.

मग मी शेजाऱ्यांच्या जमिनी तपासल्या, कारण मी काही उथळ माणूस नाही, सगळीकडे तपासून बघणारा आहे! ज्या ज्या घराचा तरव्याचा तुकडा, तिथे तिथे माती चिकटत होती. लावणीच्या खाचरांत मात्र कणभरही नाही. एखाद्या शेंबड्या पोरालाही यातलं इंगित कळलं असतं. मला कळलं ते असं, की खनिजाची शीर उतारावरून वाकडीतिकडी जाते आहे. मी तांबड्या पेन्सिलीने नकाशा काढला. तो नकाशा माझ्यापाशी अजून आहे. गावातल्या तमाम भाजावळींचा इतका अचूक नकाशा दुसऱ्या कुणी काढला नसेल.

मुंबईच्या एका पेढीला मी इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, वीसेक पोती नमुना पाठवा, माणूस सोबत असू द्या. पावसाळ्यात बोटी बंद होतात, तेव्हा वैशाखातली शेवटची बोट गाठायची ठरली. शाळेत मास्तरांच्या खोलीत मी ही हकीकत दोनदा सांगितली. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो कसा दिसतो हे बघायचं असतं, तर त्या दिवसांत मला बघायला हवं होतं.

रामाने फावड्याने तुकडा खरवडायला घेतला त्याच्या आठवड्यात राही रत्नागिरीला आली. देवरूखापासून चालत आली होती. वाटेत एका ओळखीच्या घरी थांबून दुसऱ्या दिवशी पोचली. पायांवर धूळ, ओठ सुकलेले. माझ्या बायकोने, विमलने, तिला पाणी दिलं. ते संपवायच्या आधीच तिने पदराच्या गाठीतून रामाचं लोहचुंबक काढलं आणि एक पुरचुंडी सोडली.

"मास्तर, ही माती बगा. चिकटते."

"चिकटणारच. तेच तर."

"ही भाजावळीची नव्हं. माज्या चुलीखालची हाय. चूल मोडून नवी घातली, तवा काढली. अंगनातली बी लावून बगितली, ती नाय चिकटत. गुरांच्या गोठ्यातली नाय चिकटत. चुलीची चिकटते, भाजावळीची चिकटते, आनि होळीच्या जागेची चिकटते. जितं जाळ, तितं चिकटते. मी ह्यांना सांगितलं तं ह्ये म्हनतात, मास्तरांपरीस तू शानी काय? म्हनून तुमालाच सांगाया आलंय."

आज ती वाक्यं मला शब्दन् शब्द पाठ आहेत. माझ्या पुस्तकात जे नव्हतं ते त्या बाईने पाच ठिकाणची माती उचलून शोधलं होतं, आणि शोधून दोन दिवस चालत माझ्या दारात आणून दिलं होतं. मी हसलो.

"अगं, चुलीवर तवा असतो, उलथनं असतं, विळा असतो. त्यांचा कीस झडतो. होळीत गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, खिळे पडतात. लोखंड ते लोखंडच."

"माजा तवा मातीचा हाय," राही म्हणाली. "खापरी."

मला राग आला. उत्तर सापडलं नाही म्हणून आला, हे मला तेव्हाही माहीत होतं. "शास्त्रातलं तुला काय कळतंय?" मी म्हणालो. "नवऱ्याला दोन घास घरी बसून मिळायची वेळ आली तर तू आडवी का येतेस?"

तिने पुरचुंडी बांधून घेतली. विमलने तिला जेवायला वाढलं, तिने खाल्लं आणि उन्हं उतरायच्या आत निघाली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत विमल म्हणाली, "अहो, आमच्या हेदवीला तुळशीवृंदावनाला लावायची गेरू आई घरीच करायची. पिवडी, म्हणजे पिवळी माती, आणायची आणि शेणीत भाजायची, की लाल. त्या लाल मातीत आणखी काही होत असेल कशावरून नाही?"

"तू पण?" मी ओरडलो. "आता हेदवीच्या बायका मला शास्त्र शिकवणार?"

विमलने वाद घातला नाही. तिची वाद घालायची पद्धत वेगळी आहे. चार दिवसांनी मी शाळेतून आलो, तर माझ्या टेबलावर तीन पणत्या ठेवलेल्या. तिन्हींत आमच्या विहिरीच्या दरडीतली एकच पिवळी माती. पहिलीतली कच्ची. दुसरी उघड्या निखाऱ्यावर भाजलेली, छान लाल झालेली. तिसरीत मातीत भाताचा कोंडा कालवून वर झाकण लिंपून भाजलेलं. ती माती काळी पडली होती. बाजूला शाळेतून मी घरी आणून ठेवलेलं लोहचुंबक.

पहिलीला चुंबक लावलं, काही नाही. दुसरीला लावलं, काही नाही. तिसरीला नुसतं जवळ नेलं, तर माती टुणकन उडी मारून चिकटली.

मी पुन्हा एकदा लावून बघितलं. मग वेड्यासारखा दोन दिवस भाजत बसलो. पिवळी तापवली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती तांबडी होते. तांबडी पाल्यापाचोळ्याबरोबर कोंडून, धुमसत्या धुरात तापवली की धूर तिच्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि ती काळी होते. आणि ती काळी गरम असतानाच झाकण काढून वारा लागू दिला की ती पुन्हा तांबूस होते, पण चुंबकाला चिकटायचं सोडत नाही. तांबूस, भुसभुशीत, चिकटणारी. रामाच्या पंच्यातली माती माझ्या पणतीत तयार झाली होती. खनिजाची शीर वगैरे काही नव्हतंच. तीन पिढ्यांनी दर फाल्गुनात केलेल्या आगीचा तो थर होता, आणि मी त्या माणसाला तो खरवडून पोत्यांत भरायला लावला होता.

"जा आत्ताच्या आत्ता," विमल म्हणाली. "बोट उद्याची आहे. रामा माती घेऊन बंदरावरच येणार ना? त्याला थांबवा. माती परत गाडीत घाला आणि न्या परत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बंदरावर गेलो. हातात ती तिसरी पणती फडक्यात बांधलेली. बावीस पोती धक्क्यावर ओळीने रचलेली होती, तोंडं सुतळीने शिवलेली. रामाने कारखान्यातला जुना निळा कोट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. मला बघताच त्याचा चेहरा असा फुलला की माझे पाय जागीच थांबले.

"मास्तर, तुमी सोता आलात!" त्याने माझे पाय धरले. भर बंदरावर, हमालांसमोर.

बोटीला उशीर होता. आम्ही दोन तास उभे होतो. तो बोलत होता: पेढीवाल्याला काय सांगायचं, पावसाळा संपला की परत यायचं, मग घराला मागे एक पडवी काढायची, राहीला एकदा रत्नागिरी नीट दाखवायची. "ती आली व्हती ना तुमच्याकडं? येडी हाय. मी बोललो तिला. आता तिला बी कळंल." माझ्या तोंडाशी वाक्य तयार होतं, एवढंसं: रामा, ही नुसती भाजलेली माती आहे. मोजून सहा शब्द. दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं.

का बोललो नाही? याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ गोड करून दिलेलं आहे. म्हणे त्याचा आनंद मोडवेना. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की आमच्या शाळेतले दोन मास्तर गंमत बघायला बंदरावर आले होते. "काय ताम्हणकर, खाणमालक!" असं म्हणून ते माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर मला खोटं पडायचं नव्हतं. त्या दोघांची नावंही आज मला धड आठवत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मी एका माणसाची जमीन बोटीत चढू दिली.

"तोंड उतरलंय, मास्तर," रामा म्हणाला. "बरं नाय काय?"

"ऊन लागतंय."

बोटीचा भोंगा झाला. पोती एकेक करून बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात उतरली. रामा शेवटच्या पोत्यावर बसला आणि पडाव हलल्यावर दोन्ही हात वर करून त्याने मला नमस्कार केला. मी पणती समुद्रात टाकली आणि घरी आलो. विमलने विचारलं तेव्हा मी सांगितलं, पोचेपर्यंत पडाव सुटला होता. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून पुढे बराच काळ ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मी रजा टाकून गावी गेलो. सरळ तुकड्यावर गेलो. बांधापासून बांधापर्यंत उघडी पिवळी जमीन, फावड्याचे ओरखडे उठलेली, सोललेल्या जनावरासारखी. राही कडेला बसून होती.

"तू म्हणत होतीस तेच खरं," मी म्हणालो. "मला बोट गेल्यावर कळलं."

खोटं एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला काही लागत नाही. तिने मान हलवली. "आता काय करायचं ता सांगा," एवढंच म्हणाली. मृग पंधरा दिवसांवर आला होता. दुसऱ्याचा तरवा मागावा, तर त्या वर्षी कुणाकडेच जास्तीचा नव्हता. प्रत्येकाने आपल्यापुरतंच भाजलं होतं. तिने दोन घरी विचारून बघितलं होतं. एका घरी म्हणाले, तुझी तर खाण आहे ना?

"पुन्हा भाजू," मी म्हणालो. "पिवळ्याचं तांबडं होतं, तांबड्याचं काळं होतं, हे मी स्वतः करून बघितलंय. इथेही होईल."

ती चटकन उठली. रानात पाला उरला नव्हता, सगळ्या गावाने झाडून नेला होता. आम्ही दोघांनी तीन दिवस मिळेल ते ओढून आणलं: माझ्या गावातल्या घरच्या नारळीच्या झावळ्या, तिच्या गोठ्याच्या छपराचं गवत, अंगणातल्या शेणी, शेवटी तिच्या घराच्या कुडाच्या काठ्यासुद्धा. माझे हात सोलवटले. ज्या बांधावर मी नकाशा काढत ऐटीत फिरलो होतो तिथूनच डोक्यावर भारे वाहिले, आणि गावातली माणसं बांधावर उभी राहून बघत होती. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

भाजलं. दिवसभर धुमसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राख बाजूला सारली तर जमीन तांबूस झालेली. मी गुडघ्यावर बसलो आणि चुंबक टेकवलं. चिकटली! दोन्ही टोकांना दाढी लोंबली, अगदी पहिल्या दिवशीसारखी. मी आनंदाने ओरडलोच.

राही वाकून बघत होती. "चिकटली," ती म्हणाली. "आता उगवंल ना, मास्तर?"

"उगवेल," मी म्हणालो, आणि आवाज तोच होता, इंग्रजी पाचवीपुढचा. त्या बाईने घरातलं सगळं बियाणं त्या तुकड्यात पेरलं.

आषाढ लागल्यावर मी पुन्हा गेलो. सगळीकडे लावणीची घाई, चिखल, हाका. रामाच्या तुकड्यावर बोटभर उंचीचे पिवळे कोंब होते, विरळ, टोकाला जळल्यासारखे. मधेमधे मातीची पापडी धरून नुसतं पाणी साचलेलं. एक कोंब उपटला, तर मुळं पिवळ्या थराला टेकून आडवी वळलेली होती. लोखंडाने माझं म्हणणं ऐकलं होतं, एका दिवसात पिवळ्याचं तांबडं झालं होतं. पण तीन पिढ्यांचं शेण, राख आणि कुजलेला पाला त्या चार बोटांबरोबर बावीस पोत्यांत गेला होता, आणि तो थर करायला कुठलीही पणती पुरणार नव्हती. मी मान वर करून राहीकडे बघू शकलो नाही.

"वाढंल काय आजून?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मी तिला सांगितलेलं हे पहिलं निखळ खरं.

ती खाली बसली. रडली नाही. त्याच वेळी टपालवाला बांधावरून आला, रामाचं पत्र घेऊन. एरवी गावातली पत्रं तोच वाचून दाखवायचा. आज मास्तर आहेत म्हणून माझ्या हातात देऊन पुढे गेला. मी इरलं डोक्यावर ओढून घेतलं आणि वाचायला लागलो. रामाने खोलीतल्या कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं.

"सौ. राहीस रामाचा आशीर्वाद. पेढीवाल्यांच्या माणसाने पोती उघडून माती बघितली. म्हणाला, ही भाजलेली शेतमाती आहे, असली माती तुमच्याकडे घरोघर होते. पोती मी परत मागितली, पण तोपर्यंत त्यांनी माती भरणीला ओतली होती. मी तिथे जाऊन बघितलं. त्यावर दुसरी भर पडली आहे, काढता येत नाही. तू सांगत होतीस ते मी ऐकलं नाही. हे मास्तरांना कळू देऊ नये. त्यांनी आपल्यासाठी फार केलं, त्यांच्या जिवाला लागेल. बंदरावर ते दोन तास माझ्याबरोबर उन्हात उभे होते..."

मी थांबलो. पुढच्या ओळीवर उडी मारता आली असती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

"वाचा," राही म्हणाली.

मी वाचलं. "बंदरावर ते दोन तास माझ्याबरोबर उन्हात उभे होते. तोंडातून शब्द निघत नव्हता, इतकं त्यांना माझ्या जाण्याचं वाईट वाटलं. असा माणूस मिळायचा नाही. तरवा कसा आहे ते लवकर कळव. माझ्यामुळे तरवा गेला असेल तर मी गावात तोंड दाखवणार नाही. इथे काम नाही. दिवसभर समुद्राच्या कडेला जाऊन बसतो. मन फार वाईट जागी जातं. तरवा असेल तर मी येईन."

इरल्यावर पाणी वाजत होतं. राही माझ्याकडे टक लावून बघत होती.

"दोन तास?" ती म्हणाली. "तवा ठावं व्हतं तुमाला?"

"हो."

मला वाटलं ती मारेल. मारावं असं मनापासून वाटलं. ती उठली आणि माझ्याकडे वळली.

"कागद हाय तुमच्याकडं?"

माझ्या पिशवीत शाळेच्या वहीचा एकच कोरा कागद निघाला. तिच्या पडवीत जाऊन मी तो मांडीवरच्या फळीवर ठेवला.

"लिवा," ती म्हणाली. "तरवा वीतभर झालाय. हिरवागार हाय. बोटी बंद हायती, तं कोल्लापुरावरनं या, पन या. लावनी तुमच्यासाटी थांबलीय."

"राही, तो येऊन बघेल तेव्हा..."

"दारात येऊ दे पयलं. जिवंत मानूस दारात आलं, की फुडचं मी बगन. उपाशी ऱ्हाऊ, पन दोगं ऱ्हाऊ." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "तुमाला खोटं सांगायला जमतं, मास्तर. त्यांना तुमचं खरं वाटतं. नीट लिवा."

मी लिहिलं. तरवा वीतभर झाला आहे, हिरवागार आहे, मी स्वतः डोळ्यांनी बघितला आहे, असं लिहून खाली माझी सही केली. तिने ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं, "हिरवागार" हा शब्द नीट आला आहे ना ते विचारलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नका," राही म्हणाली आणि तिने माझ्या मांडीवरची फळी ओढून घेतली. "कागद भिजंल. येकच हाय."